वीज साठविणारा शास्त्रज्ञ : गास्तों प्लान्ते

आपल्या मलाजखंडच्या डोंगरातून तांब्याची माती निघते, तिच्यापासून शुद्ध तांबे होते आणि त्या तांब्याच्या तारेतून वीज गावोगावी वाहते, हे आपल्या शाळेतील लहानात लहान विद्यार्थ्यासही ठाऊक आहे. हिंदुस्थान कॉपर लिमिटेडचा येथील प्रकल्प १९८२ साली सुरू झाला आणि तेव्हापासून ह्या गावाचे नाव विजेच्या कथेशी कायमचे जोडले गेले. परंतु वीज वाहून नेणे ही त्या कथेची अर्धी बाजू झाली. पावसाचे पाणी आपण टाकीत साठवितो, धान्य कणगीत साठवितो. तशी वीज साठवून ठेवता येईल काय, आणि एकदा संपली म्हणजे त्याच भांड्यात ती पुन्हा भरता येईल काय? ह्या प्रश्नाचे पहिले उपयुक्त उत्तर एका फ्रेंच शास्त्रज्ञाने सुमारे एकशे साठ वर्षांपूर्वी दिले. त्यांचे नाव गास्तों प्लान्ते. आज रस्त्यावरील ई-रिक्षा, घरातील इन्व्हर्टर, मोटारीचा स्टार्टर आणि गोल्फच्या मैदानावर चालणारी छोटी विजेची गाडी, ह्यांपैकी बहुतेकांच्या पोटात त्यांच्याच कल्पनेची शिशाची बॅटरी दडलेली असते. ती बॅटरी निपचित पडली म्हणजे घरोघर जी चिंता उत्पन्न होते, तिचा उलगडाही ह्या थोर पुरुषाच्या चरित्रातच सापडतो.

गास्तों प्लान्ते ह्यांचा जन्म २२ एप्रिल १८३४ रोजी फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या ऑर्तेझ नावाच्या लहानशा गावी झाला. हे घराणे बुद्धिमान होते. गास्तोंचे धाकटे बंधू फ्रान्सिस प्लान्ते हे पुढे युरोपातील नामांकित पियानोवादक झाले; ते १९३४ सालापर्यंत जगले आणि नव्वदीच्या उंबरठ्यावर असताना त्यांच्या वादनाच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. एका भावाने सूर साधले, दुसऱ्याने विजेचा ध्यास घेतला. दोघांच्याही ठिकाणी एक गुण मात्र समान होता, आणि तो म्हणजे तीच ती कृती न कंटाळता शेकडो वेळा करण्याची चिकाटी.

शिक्षणासाठी पॅरिसला आल्यावर १८५४ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, गास्तों हे तेथील कला व उद्योग विद्यालयात पदार्थविज्ञानाचे साहाय्यक म्हणून रुजू झाले. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, १७९४ साली स्थापन झालेली ही संस्था एका जुन्या मठाच्या वास्तूत भरत असे आणि कारागिरांना शास्त्राचे ज्ञान मिळावे हा तिचा हेतू होता. तेथे त्यांना एडमंड बेकेरेल ह्यांच्यासारखे गुरू लाभले. प्रकाश पडला असता विशिष्ट घटात वीज उत्पन्न होते, हा शोध बेकेरेल ह्यांनी १८३९ साली लावला होता. आजच्या सौर विजेचे मूळ ते हेच. गुरूने प्रकाशातून वीज मिळण्याची वाट दाखविली आणि शिष्याने ती साठविण्याचे पात्र दिले. छपरावरच्या सौर पट्टीखाली शिशाची बॅटरी जोडलेली पाहिली म्हणजे ह्या गुरुशिष्यांची आठवण अवश्य व्हावी.

तरुण प्लान्तेंची जिज्ञासा विजेपुरती मर्यादित नव्हती. १८५५ साली पॅरिसजवळील मदों येथे जमिनीच्या थरांत त्यांना एका प्रचंड पक्ष्याचे अवशेष सापडले. सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वी होऊन गेलेला, उडता न येणारा हा पक्षी माणसाइतका उंच असे. शास्त्रज्ञांनी त्याला गास्तोंच्या नावावरून गास्तोर्निस असे नाव दिले. एखादा दुसरा तरुण एवढ्या कीर्तीवर संतुष्ट राहिला असता. प्लान्ते मात्र प्रयोगशाळेत परतले.

त्या काळी वीज मिळविण्याचे साधन कोणते होते, हे येथे समजून घेतले पाहिजे. १८०० साली इटलीतील व्होल्टा ह्यांनी दोन भिन्न धातूंच्या चकत्या आणि मिठाच्या पाण्यात भिजविलेले कापड एकावर एक रचून पहिला विद्युत्घट केला होता. त्यानंतर अनेक प्रकारचे घट निघाले. परंतु ह्या सर्व घटांत एक मोठी उणीव होती. त्यांतील जस्त हळूहळू विरघळे आणि ते संपले की घटही संपे. चुलीतील लाकूड जळून गेल्यावर राखेपासून पुन्हा लाकूड होत नाही, तसाच हा प्रकार होता. वीज हवी असेल तर नवे जस्त व नवे अम्ल विकत आणणे एवढाच मार्ग होता आणि तो फार खर्चाचा होता.

अशा घटांचा अभ्यास करीत असता एक चमत्कारिक गोष्ट शास्त्रज्ञांच्या दृष्टीस पडली होती. सौम्य अम्लात धातूच्या दोन पट्ट्या बुडवून त्यांतून काही वेळ बाहेरची वीज सोडली आणि मग ती बंद केली, तर त्या पट्ट्याच क्षणभर उलट दिशेने वीज देऊ लागत. पुष्कळांना ही पीडा वाटे, कारण तिच्यामुळे मुख्य प्रवाह क्षीण होई. प्लान्ते ह्यांनी ह्या पीडेकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले. ज्या गुणामुळे घट बिघडतो, त्याच गुणाचा उपयोग करून घेता येणार नाही काय, असा विचार त्यांनी केला. १८५९ साली त्यांनी तांबे, चांदी, कथील, लोखंड, जस्त, सोने, प्लॅटिनम अशा अनेक धातूंच्या पट्ट्या एकामागून एक घेऊन पद्धतशीर प्रयोग केले. आपल्या मलाजखंडचे वैभव जे तांबे, ते वीज वाहण्यात अग्रेसर खरे. पण ह्या परीक्षेत ते उतरले नाही. सोने आणि प्लॅटिनमही मागे पडले. सर्वांत जोरदार आणि सर्वांत अधिक काळ टिकणारा उलट प्रवाह दिला तो स्वस्त, मऊ आणि काळसर शिशाने.

मग प्लान्ते ह्यांनी शिशाचे दोन लांब पत्रे घेतले, ते एकमेकांस चिकटू नयेत म्हणून मध्ये जाड कापड घातले, दोन्हींची एकत्र गुंडाळी केली आणि ती सौम्य गंधकाम्लाने भरलेल्या काचेच्या बरणीत उभी केली. पुढे कापडाऐवजी त्यांनी रबराच्या पट्ट्या वापरल्या. हीच जगातील पहिली पुन्हा पुन्हा भरता येणारी उपयुक्त बॅटरी होय. १८६० साली अशा नऊ घटांची बॅटरी त्यांनी पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडली. त्याच वर्षी लोकशिक्षणाचे कार्य करणाऱ्या एका संस्थेत ते पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले.

ह्या घटात घडते काय? भरलेल्या घटात एका पत्र्यावर शिशाच्या ऑक्साइडचा तपकिरी थर असतो आणि दुसऱ्यावर शुद्ध सच्छिद्र शिसे असते. घट वीज देऊ लागला की अम्लातील गंधकाचा अंश दोन्ही पत्र्यांत शिरतो, दोन्हींवर शिशाचे पांढरे सल्फेट जमते आणि अम्ल पाणचट होत जाते. उलट दिशेने वीज भरली की सल्फेट मोडते, गंधकाचा अंश पुन्हा द्रवात परततो आणि अम्ल पूर्ववत तीव्र होते. म्हणूनच हायड्रोमीटर नावाच्या काचेच्या नळीने अम्लाची घनता मोजून घटाची प्रकृती ओळखता येते. पूर्ण भरलेल्या घटात ती १.२६ ते १.२८ असते आणि रिकामा होता होता १.१२ च्या आसपास येते. प्रत्येक घटाचा दाब सुमारे दोन व्होल्ट. त्यामुळे बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा घट असतात आणि गोल्फगाडीच्या सहा व्होल्टच्या बॅटरीत तीन.

प्लान्तेंची खरी कसोटी ह्यापुढे होती. नवा गुळगुळीत पत्रा फारच थोडी वीज साठवी. थोडी भरली की ती लगेच संपून जाई. अन्य कोणी हा घट निरुपयोगी म्हणून टाकून दिला असता. प्लान्ते ह्यांनी तो भरला, रिकामा केला, उलट दिशेने पुन्हा भरला, काही काळ विसावू दिला आणि हाच क्रम महिनोन्महिने चालविला. प्रत्येक फेरीत पत्र्याचा पृष्ठभाग थोडा अधिक खरखरीत व सच्छिद्र होई आणि घटाची धारणशक्ती वाढे. त्यांच्याजवळ ना विद्युत्जनित्र होते, ना घरात येणारी विजेची तार. बुन्सेनच्या जुन्या घटांतून मिळणाऱ्या अल्प प्रवाहावर हे सारे काम करावे लागे. शिशाच्या घटाशी घाई करून चालत नाही आणि त्याच्याकडे दुर्लक्ष करूनही चालत नाही, हे ज्ञान त्यांना ह्या दीर्घ परिश्रमातून लाभले.

आपल्या घरातील निपचित पडलेल्या बॅटरीचे रहस्य येथेच आहे. सुटीत ई-रिक्षा महिना दोन महिने उभी राहिली, किंवा इन्व्हर्टर पार रिकामा होऊन तसाच पडून राहिला, म्हणजे पत्र्यांवरील बारीक सल्फेटचे मोठे व कठीण स्फटिक बनतात. विजेला त्यांतून वाट मिळत नाही. त्यातच आजचे स्वयंचलित चार्जर प्रथम बॅटरीचा दाब तपासतात. दाब फार उतरलेला दिसला, तर बॅटरी जोडलेलीच नाही किंवा ती सदोष आहे असे समजून ते वीज सोडतच नाहीत. घरातील मंडळींस वाटते की बॅटरी मेली. वास्तविक पुष्कळ वेळा ती केवळ खोल निद्रेत असते. ज्या कुटुंबाचा चरितार्थ रिक्षावर चालतो, त्याच्या दृष्टीने ह्या दोन गोष्टींतील भेद हजारो रुपयांचा असतो.

अशा बॅटरीवरील उपचार प्लान्तेंच्या मार्गानेच, म्हणजे मंद गतीने, करावा लागतो. जाणता कारागीर प्रथम पेटी फुगली, तडकली किंवा गळत नाही ना हे पाहतो. तसे असेल तर पुढे जात नाही. पाण्याची झाकणे असलेल्या बॅटरीत पत्रे उघडे पडले असतील तर ते बुडतील एवढेच ऊर्ध्वपातित पाणी तो घालतो. काठोकाठ भरीत नाही, कारण भरताना द्रव वर चढतो. अम्ल तर तो मुळीच घालीत नाही. हरवलेले अम्ल पत्र्यांवरील सल्फेटमध्येच अडकलेले असते व ते परत यायचे असते. वरून नवे घातल्यास पत्रे लवकर झिजतात. एकत्र जोडलेल्या बॅटऱ्या तो सुट्या करतो आणि प्रत्येकीस साध्या, हाताने नियंत्रित करता येणाऱ्या चार्जरने अल्प प्रवाह देतो. शंभर अँपिअर-तासांच्या बॅटरीस दोन ते पाच अँपिअर पुरेसे होतात. आरंभी बॅटरी वीज घेतच नाही असे भासते. मग काही तासांनी स्फटिक विरघळू लागतात आणि प्रवाह वाढतो. दाब पुरेसा चढला की नेहमीचा चार्जरही तिला ओळखतो. ह्या कामास एक दिवस, कधी दोन दिवसही लागतात. पेटी हातास फार गरम लागू लागली तर काम थांबवून ती निवू द्यावी लागते. शेवटी प्रत्येक घटाची घनता मोजतात. सर्व घट सारखे वर आले तर बॅटरी वाचली. एखादा घट इतरांच्या फार मागे राहिला तर त्याचे पत्रे झडले आहेत किंवा आत एकमेकांस टेकले आहेत असे समजावे. त्यास उपाय नाही. वाचलेल्या बॅटरीची शक्तीही पूर्वीइतकी बहुधा राहत नाही, हे सत्य मान्य केले पाहिजे.

विद्यार्थिमित्रहो, हे काम तुम्ही स्वतः करावयाचे नाही. भरत असलेल्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि एका ठिणगीने त्याचा स्फोट होतो. गंधकाम्लाने डोळा कायमचा जाऊ शकतो. म्हणून जाणते लोक मोकळ्या हवेत, चष्मा व रबरी हातमोजे घालून आणि विडी-काडीपासून दूर राहूनच ह्या कामास हात घालतात. मोबाइलमधील किंवा नव्या गाड्यांतील लिथियमच्या बॅटरीस तर हा उपचार कदापि लागू नाही; खोल उतरलेली तसली बॅटरी बळेच भरल्यास ती पेट घेऊ शकते. जी शिशाची बॅटरी खरोखर निकामी झाली, ती अंगणात फोडू नये व अम्ल नाल्यात ओतू नये. शिसे हे विष आहे, आणि लहान मुलांच्या मेंदूस ते विशेष घातक ठरते. जुनी बॅटरी विक्रेत्यास परत द्यावी. त्यातील शिसे वितळवून पुन्हा नवी बॅटरी होते.

आता पुन्हा प्लान्तेंकडे वळू. त्यांचा शोध सिद्ध झाला खरा, परंतु तो जगाने लगेच उचलून धरला नाही. कारण उघड होते. घट भरण्यासाठी जुने खर्चिक घटच वापरावे लागत. मग साठवणुकीचा लाभ तो काय? दहा-बारा वर्षे हा शोध जणू काळाची वाट पाहत राहिला. प्लान्ते ह्यांनी ह्या अवधीत काम सोडले नाही. शल्यवैद्यांना तार तापवून जखम डागण्यासाठी त्यांच्या घटाचा उपयोग होऊ लागला. त्यांनी दिवा पेटविण्याचे एक छोटे यंत्रही केले. युरोपातील जुने किमयागार शिशाला शनीचे नाव देत, म्हणून त्या यंत्रास त्यांनी शनीची चकमक असे गमतीचे नाव दिले. पुढे ग्राम ह्यांचे विद्युत्जनित्र १८७१ च्या सुमारास पुढे आले, स्वस्त वीज मुबलक मिळू लागली आणि मग शिशाच्या घटाचे भाग्य उजळले.

शेकडो घट एकत्र जोडून प्लान्ते ह्यांनी प्रचंड दाबाची वीज मिळविली आणि तिच्या साहाय्याने आकाशातील विजेचे, विशेषतः गोलाकार फिरणाऱ्या विजेचे, रूप प्रयोगशाळेत अभ्यासण्याचा प्रयत्न केला. आपल्या संशोधनाचा ग्रंथ त्यांनी १८७९ साली प्रसिद्ध केला. त्यानंतर कामिय फोर ह्या त्यांच्या देशबांधवाने १८८१ च्या सुमारास शिशाच्या पत्र्यावर शिशाच्या ऑक्साइडचा लेप देण्याची युक्ती काढली. त्यामुळे पत्रे सिद्ध करण्यास महिन्यांऐवजी थोडाच वेळ पुरू लागला. त्याच वर्षी गुस्ताव त्रुवे ह्यांनी पॅरिसच्या रस्त्यावर बॅटरीवर चालणारी तीनचाकी हाकून दाखविली. आजच्या ई-रिक्षाची ती पणजीच म्हणावयाची! पुढे १८९९ साली शिशाच्या बॅटरीवर चालणाऱ्या एका मोटारीने ताशी शंभर किलोमीटरची मर्यादा प्रथमच ओलांडली. खाणकामगारांच्या शिरावरील दिव्यांत आणि रेल्वेच्या डब्यांतील दिव्यांमागेही हाच घट दीर्घकाळ राबला.

हे वैभव पाहण्यास प्लान्ते पुरते राहिले नाहीत. २१ मे १८८९ रोजी, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, पॅरिसजवळील मदों येथे त्यांचे देहावसान झाले. त्याच महिन्यात पॅरिसमध्ये आयफेल मनोऱ्याच्या पायथ्याशी जागतिक प्रदर्शन भरले होते आणि विजेच्या दिव्यांनी त्याच्या रात्री उजळून निघत होत्या. ज्या मदोंच्या मातीत तारुण्यात त्यांना कोट्यवधी वर्षांपूर्वीचा पक्षी सापडला, तेथेच त्यांनी शेवटचा श्वास घेतला.

प्लान्तेंनंतर अनेक प्रकारच्या बॅटऱ्या निघाल्या. काही हलक्या, काही अधिक शक्तिमान. तरीही त्यांची शिशाची बॅटरी अद्याप जगभर राबते आहे, कारण ती स्वस्त आहे, तिचे शिसे पुन्हा वापरता येते आणि नीट निगा राखल्यास ती वर्षानुवर्षे साथ देते. ही निगा अवघड नाही. बॅटरी फार रिकामी होऊ न देणे, रिकामी झाल्यास त्याच दिवशी भरणे, पाण्याची पातळी महिन्यातून एकदा पाहणे आणि गाडी उभी ठेवावयाची असल्यास मधून मधून बॅटरी भरीत राहणे, एवढे केले तर निपचित बॅटरीला जागविण्याचा प्रसंगच सहसा येत नाही. ह्या वर्षी उन्हाळ्याच्या सुटीत गावी जाण्यापूर्वी आपल्या घरच्या बॅटरीकडे वडीलमंडळींचे लक्ष वेधण्याचे काम आपल्यापैकी प्रत्येकाने करावे. काचेच्या बरणीतील शिशाच्या गुंडाळीजवळ महिनोन्महिने बसून राहिलेल्या त्या शास्त्रज्ञाच्या श्रमांचे तेवढे तरी ऋण आपण फेडू शकू.